क्योतो एका दिवसात : एकच बाजू धरा

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत जपानमधल्या क्योतोच्या एका दिवसाचा जो कार्यक्रम छापून आला, तो पाळणाऱ्याला देवळांपेक्षा बसचे थांबेच जास्त दिसतील. त्यातली ठिकाणं चार टोकांना आहेत : किन्काकुजी शहराच्या वायव्येला, कियोमिझु-देरा पूर्वेला, आराशियामा पश्चिमेला आणि फुशिमी इनारी दक्षिणेला. बहुतेक मंदिरं साडेआठ-नऊला उघडतात अन् पाचला मिटतात, हिवाळ्यात काही साडेचारलाच. तिकीट त्याच्याही आधी बंद होतं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस किंवा वर्ध्याचा विश्वशांती स्तूप पाहून ज्यांना जपानची ओढ लागते, त्यांनी एवढा खर्च करून ही धावपळ का करावी?

पूर्वेकडच्या डोंगराची कड धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे पायी जावं. अंतर सहा किलोमीटरच्या आसपास. सुरुवात कियोमिझु-देराने, कारण ते सकाळी सहालाच उघडतं आणि नऊनंतर तिथल्या चढाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. दरीवर काढलेला १३ मीटर उंचीचा लाकडी सज्जा निवांत पाहायचा तर हीच वेळ. एक मात्र आधीच सांगून ठेवावं : इथली मुख्य मूर्ती, म्हणजे कान्नोन (आपला अवलोकितेश्वर), बंद देव्हाऱ्यात असते. नेहमीच्या क्रमाने ती ३३ वर्षांतून एकदा उघडतात. २००० नंतर आता २०३३. हे माहीत नसलं की माणसं ‘मूर्तीच दिसली नाही’ म्हणत हिरमुसतात. त्यांनी पुढे वाटेवरचं एइकान्दो मंदिर चुकवू नये. तिथला अमिताभ बुद्ध मान वळवून मागे पाहतो आणि त्याचं दर्शन होतं.

सान्नेनझाकाच्या पायऱ्या उतरून चिओन-इन मंदिराचा १६२१ चा प्रचंड दरवाजा पाहून दुपारपर्यंत नान्झेनजी मंदिर गाठावं. इथली कोरडी बाग घाईत पाहू नये. पाणी नाही, फुलं नाहीत. पांढरी रेव, दगड, थोडी झाडं. रेवेवर लाकडी दंताळ्याने ओढलेल्या रेघा नुकत्याच डवरलेल्या वावरातल्या तासांसारख्या दिसतात. ओढणारा मागे सरकत जातो, म्हणून पाऊल उमटत नाही. ही बाग ओसरीवर बसून पाहायची असते, आत उतरायचं नसतं. फोटोसाठी रेवेत पाय टाकला की सकाळची मेहनत मातीत.

जेवणाचं नीट समजून घ्या. नान्झेनजीच्या परिसरात युदोफू, म्हणजे उकळत्या पाण्यातला तोफू (सोयाबीनचं पनीर), प्रसिद्ध आहे. पण सोबतच्या सॉसमध्येही वाळवलेल्या माशाचा अर्क असू शकतो. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सुपात तर बहुतेक वेळा असतोच. शाकाहाऱ्यांनी ‘शोजिन र्‍योरी’ (बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण) असं नाव घेऊन विचारावं. त्यात मासा नसतो, कांदा-लसूणही नसतो.

पुढे कालव्याच्या काठाने सुमारे दोन किलोमीटरची वाट गिन्काकुजीला जाते. तिथे साडेतीनच्या आत पोहोचा. नावात चांदी असली तरी या मंदिराला चांदीचा पत्रा कधी चढलाच नाही. पाहायचा तो वाळूचा सपाट माथ्याचा शंकू आणि मागच्या उतारावरचं शेवाळ. शेवाळाला खरा रंग जूनच्या पावसात चढतो. फक्त साकुरासाठी (चेरीच्या बहरासाठी) एप्रिल धरणाऱ्यांनी हेही मनात घ्यावं.

फुशिमी इनारी शेवटी ठेवावं. ते रात्रंदिवस उघडं असतं आणि तिकीटही नाही; देमाचियानागी स्थानकाहून केइहान रेल्वे तिथे नेते. मात्र ते बौद्ध मंदिर नव्हे, शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान आहे. तिथे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकतात. हीच टाळी बुद्धमंदिरात वाजवली तर चूक. तिथे नुसते हात जोडायचे. दाराशी पाण्याचं कुंड असेल तर पळीने आधी डावा हात धुवावा, मग उजवा. पळी तोंडाला लावू नये.

बूट लेस नसलेले घ्या, दिवसातून अनेकदा काढावे लागतात. चपलेवर निघालात तर पिशवीत मोजे ठेवा. तातामी चटईवर अनवाणी जाणं तिथे बरं दिसत नाही. तिकिटांसाठी सुटी नाणी जवळ हवीत, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही. आणि कचरापेट्या दुर्मीळ असतात, म्हणून सकाळच्या चिवड्याचा रिकामा पुडा संध्याकाळपर्यंत आपल्याच खिशात.

आपला,
एक वाचक
ता. सेलू, जि. वर्धा