जळगाव–गोवा विमान : अंतर बरोबर, वेळ चुकीची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगावहून गोव्याला विमानाने जाण्याविषयी आपल्या अंकात आलेल्या चौकटीत ‘अंतर सुमारे 600 किमी, वेळ पाऊण तास’ असे छापले होते. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र चुकीची आहे, आणि त्या चुकीचा फटका माझ्या मावसभावाला बसला. पाऊण तासावर भरवसा ठेवून त्याने मडगावहून पुढच्या रेल्वेचे आरक्षण केले होते. तो स्टेशनात पोहोचला तेव्हा गाडी निघून गेली होती. सोबत म्हातारी आई आणि दोन लहान मुले. रात्र त्यांनी फलाटावर काढली.

पाऊण तास कुठून आला, हे उघड आहे. नकाशावरच्या सरळ रेषेला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे तासाला 800 ते 850 किमीने, भागले की तो आकडा मिळतो. पण 2012 साली सुरू झालेल्या आपल्या विमानतळाची धावपट्टी जेमतेम 1700 मीटरची. एप्रिल 2024 मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली ती पंख्याच्या एटीआर विमानाने, आणि ते ताशी 500 किमीच्या आसपासच उडते. त्यात विमान आकाशात वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा वेळ वेगळा. तिकिटावर छापलेली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. म्हणजे दीड तास तर धरलाच पाहिजे, वर थोडा जास्तच.

विमान लहान म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पंख खिडकीच्या वर असल्याने खालचे सगळे स्वच्छ दिसते. उडाल्यावर केळीचे हिरवे चौकोन आणि गिरणेचे कोरडे पात्र पाहताना माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी आपले शिवार शोधायला सुरुवात केली होती. रस्त्याने हेच अंतर पुणे-कोल्हापूरमार्गे आठशेच्या घरात जाते. भुसावळहून गोवा एक्स्प्रेस धरली तर जवळजवळ पूर्ण दिवस आणि रात्र मोडते. दीड तास हीसुद्धा आपल्या माणसांसाठी फार मोठी सोय आहे. मग ती पाऊण तास म्हणून का सांगायची?

दुसरी चूक ‘गोवा’ एवढेच लिहिण्याची. जानेवारी 2023 पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. जळगावचे विमान मोपाला उतरते, ते उत्तरेकडच्या पेडणे तालुक्यात. तिथून मडगाव साठ किलोमीटरहून जास्त लांब. भावाचा घोळ खरा तिथेच झाला. दाबोळीहून मडगाव जवळ, हे त्याने कधीतरी ऐकलेले होते.

विनंती एवढीच, की अशी माहिती देताना विमानतळाचे नाव, विमानाचा प्रकार आणि तिकिटावरची वेळ या तिन्ही गोष्टी छापाव्यात. पाचोरा, चोपडा, रावेरकडचा माणूस आधी दीड-दोन तास एसटीने जळगावला येतो आणि उड्डाणाच्या दोन तास आधी विमानतळावर हजर होतो. पहिल्यांदाच विमानात बसणारे यात पुष्कळ असतात, आणि ते आपल्या अंकातले कात्रण खिशात घालून निघतात.

आपला,
एक नियमित वाचक, जळगाव