पाणी आणि ड्रेनेजच्या नोकरीविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सायली सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मेट्रो, पूल सोडून तिला पाणीपुरवठ्याकडे जायचंय, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस, ‘यात करिअर आहे, की जन्मभर फुटलेल्या पाईपलाईनी जोडत बसायचं?’ दोन्ही आहे. पण फुटलेली लाईन का फुटली हे सांगता येणारी माणसं फार कमी आहेत, आणि नोकरीत खरी किंमत त्यांनाच असते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पाण्याची योजना बांधायला तीन-चार वर्षं लागतात आणि ती चालवायची असते ३० वर्षं. नवे इंजिनीअर सगळे बांधकामाच्या मागे, कारण तिथे टेंडर, फोटो आणि उद्घाटन. चालवण्याच्या कामाला ‘मेन्टेनन्सला टाकलं’ म्हणतात, जणू शिक्षाच. सायलीने पहिली पाच वर्षं मुद्दाम तिथे काढावीत. पुढे ती डिझाईनला गेली तर तिची डिझाईनं चालतील तरी.

नोकरीच्या वाटा थोडक्यात. मोठ्या महापालिका कनिष्ठ अभियंत्यांची भरती स्वतः करतात. मुंबईत तर जलअभियंत्यांचं खातं वेगळं आणि मलनिःसारणाचं वेगळं. नगरपरिषदांसाठी नगरपरिषद प्रशासन संचालनालय परीक्षा घेतं, आणि त्यात पाणीपुरवठा, मलनिःसारण व स्वच्छता अभियंता असा स्वतंत्र संवर्ग आहे. पगार सातव्या वेतन आयोगाच्या एस-१४ श्रेणीचा, म्हणजे मूळ वेतन ३८,६०० पासून. तिसरं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. खासगीत सल्लागार कंपन्या, पीएमसी (मालकाच्या वतीने प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या कंपन्या) आणि प्लांट चालवणारे ठेकेदार. खासगीत शिकायला लवकर मिळतं, पण बदल्या राज्याबाहेरही होतात.

आता कामाविषयी. एक लाख वस्तीचं गाव घे. भूमिगत गटारं असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे १३५ लाख लिटर, १३.५ एमएलडी (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर). गळतीचे १५ टक्के वर घातले की १५.५. ड्रेनेजला त्या १३५ लिटरचे ८० टक्के येतात असं धरायचं, म्हणजे १०.८ एमएलडी. हे गणित कुणालाही येतं. प्रत्यक्षात टाकीतून तेवढं पाणी निघूनही शेवटच्या गल्लीत हंडा भरत नाही, आणि पाणी कुठे गेलं ते शोधायला पगार मिळतो.

शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. दहा लाख लिटरची उंच टाकी, पाण्याची खोली चार मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्र २५० चौरस मीटर. पातळी एक सेंटीमीटर उतरली की अडीच हजार लिटर गेले. रात्री सगळ्या झोनचा पुरवठा बंद झाल्यावर इनलेट आणि आउटलेट दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे, पट्टीवर पातळी वाचायची, पहाटे परत वाचायची. पाच तासांत दहा सेंटीमीटर उतरली तर तासाला पाच हजार लिटर जातंय. ते टाकीतून झिरपतंय, ओव्हरफ्लोच्या किंवा स्कावरच्या (टाकी रिकामी करायच्या पाईपच्या) वाटेने जातंय, की आउटलेटचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, हे मग एकेक करून पाहायचं. व्हॉल्व्ह बसत नसेल तर खालच्या पाईपला कान लावला की कळतं. जिथे २४ तास पाणी आहे तिथे रात्री दोन ते चारच्या दरम्यानचा प्रवाह मोजायचा. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, गळती जागी असते. एकेक गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि कुठला बंद केल्यावर मीटरचा आकडा एकदम पडतो ते पाहायचं. मग साउंडिंग रॉड (गळतीचा आवाज ऐकायची दांडी) घेऊन त्याच गल्लीत.

व्हॉल्व्हमनशी मैत्री कर, हे तिला पहिल्या दिवशी सांग. ‘मारुतीच्या देवळाजवळचा सात आटे उघडायचा, आठवा उघडला की वरच्या आळीचं पाणी जातं,’ हे कुठल्याच नकाशावर नसतं, आणि तो माणूस ५८ व्या वर्षी रिटायर झाला की शहराचं अर्धं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जातं. तिने ते वहीत उतरवावं आणि मग क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशात, टाकावं. सॉफ्टवेअर फुकट आहे. पाईपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं ईपानेटही फुकट आहे. पण त्या मॉडेलमध्ये सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आणि जुन्या बिडाच्या पाईपचा सी (आतल्या गुळगुळीतपणाचा आकडा) १३० धरला, तर उत्तर सुंदर येतं आणि पाणी येत नाही. गंजून आत गाठी धरलेल्या पाईपला १०० सुद्धा जास्त होतो.

घाण पाण्याच्या तक्रारीवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर लोक आजारी पडतात. एक-दोन तासच पाणी येणाऱ्या गावात पुरवठा थांबला की लाईन रिकामी होते. उतारावरची घरं उरलेलं पाणी ओढतात, नळाला मोटर लावणारे तर उपसूनच घेतात. आत पोकळी झाली की बाहेरचं आत येतं, आणि बाहेर बऱ्याचदा गटार असतं. घरगुती कनेक्शनचा अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप गटार ओलांडून नाहीतर चेंबरमधूनच गेलेला असतो आणि आट्यांपाशी गंजून सडलेला असतो. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं तेच नळाला येतं.

म्हणून पाणी सुटण्याच्या आधी गल्लीत हजर राहायचं. पहिल्या मिनिटाचा नमुना, मग पाचव्या, मग पंधराव्या मिनिटाचा. प्रत्येकाची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारं औषध टाकून पाहायचं. टाकीखाली क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि एका घरात शून्य असेल, तर त्या दोन टोकांच्या मधली घरं क्रमाने तपासत जायचं. पिवळा रंग जिथे एकदम नाहीसा होतो, भोक त्याच्या अलीकडे-पलीकडेच असतं. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळाला पाहिजे. इथे एक पळवाट सगळे घेतात, टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) वाढवतात. त्याने रिपोर्ट सुधारतो, भोक तसंच राहतं. आणि बॅक्टेरियाच्या नमुन्याची बाटली सोडियम थायोसल्फेट घातलेलीच हवी. नाहीतर उरलेला क्लोरीन लॅबपर्यंत जंतू मारत जातो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

मोटरचा इलाज पोलीस आणि जप्ती नाही. दाब चांगला आणि पाणी सतत असेल तर मोटर लावायची गरजच उरत नाही. कराडजवळच्या मलकापूरसारख्या छोट्या गावाने २४ तास मीटरने पाणी देऊन दाखवलंय. सायलीला एकदा तिथे घेऊन जा.

मुख्य लाईन फुटण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे वीज जाणं. पंप अचानक थांबतो, पुढचं पाणी वेगात असल्यामुळे पुढे जातं, मागे पोकळी होते, आणि मग ते पाणी परत येऊन आदळतं. लोखंडी पाईपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १,००० मीटर धावते. वेग सेकंदाला एक मीटरने तुटला की साधारण १०० मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा धक्का बसतो, म्हणजे चालू प्रेशरवर चौरस सेंटीमीटरला आणखी १० किलो. एअर व्हॉल्व्ह चालू असले तर पोकळीत हवा जाते आणि धक्का सौम्य होतो. पण ते गंजलेले असतात, नाहीतर शेतात पाणी घेण्यासाठी कुणीतरी उघडे ठेवलेले असतात, म्हणून साहेबांनी वेल्डिंग करून टाकलेले असतात! महिन्यात तिसऱ्यांदा त्याच टप्प्यात लाईन फुटली, तर पाईपच्या कंपनीला शिव्या देण्याआधी सबस्टेशनचं ट्रिपिंग रजिस्टर आणि फुटण्याच्या वेळा शेजारी ठेवून पाहायच्या.

विजेचं बिल हाही इंजिनीअरचाच विषय. १० एमएलडी पाणी ६० मीटर उचलायचं, पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ७० टक्के, तर हजार लिटरला सुमारे पाव युनिट, दिवसाला २,३०० च्या वर. पंपातलं फिरतं चाक, म्हणजे इंपेलर, झिजून कार्यक्षमता ५५ वर आली की तेच पाणी रोज ६०० हून जास्त युनिटं जादा खातं. पंप तर चालू दिसतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

ड्रेनेजकडे मुलं नाकं मुरडतात. खरं तर लेव्हलचं काम इथे पाण्याच्या लाईनीपेक्षा कडक. दाब नसतो, नुसता उतार. सुरुवातीच्या कमी प्रवाहात सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला तरच मैला पुढे सरकतो. हजाराला चार उतार धरला तर ३० मीटरवरच्या दोन चेंबरमध्ये फरक फक्त १२ सेंटीमीटर. बेडिंग (पाईपखालचा थर) नीट न ठोकता पाईप टाकला आणि मधे पाच सेंटीमीटर बसला, की तिथे कायमचं डबकं. गाळ साचतो, कुजतो, हायड्रोजन सल्फाईड वर चढतो, आणि पाईपच्या छताच्या ओलाव्यात जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. म्हणून जुना सिमेंटचा पाईप वरून खचतो, रस्त्यासकट. माती टाकण्याआधी एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरायचा. पूर्ण गोल दिसला तर लाईन सरळ. चंद्रकोर दिसली तर उकरायला लावायचं, कितीही फोन आले तरी.

चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. त्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने मृत्यूची भरपाई ३० लाख केली, पण त्याहून साधी गोष्ट म्हणजे तिथला वायू नाकाला कळत नाही. वायूचं प्रमाण वाढलं की सडक्या अंड्याचा वासच येईनासा होतो आणि माणसाला वाटतं की हवा मोकळी झाली. जेटिंग आणि सक्शनची गाडी येईपर्यंत लोक ओरडतील. ओरडू देत.

एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, सायलीने रोज एकच गोष्ट स्वतः करावी. एअरेशन (हवा सोडायच्या) टाकीतलं एक लिटर पाणी मापट्यात घेऊन अर्धा तास ठेवायचं. गाळ २५०-३०० मिलिलिटरपर्यंत बसला, वर पाणी नितळ, तर प्लांट ठीक. ३०० मिलिलिटर आणि एमएलएसएस (त्या पाण्यातल्या गाळाचं कोरडं वजन) लिटरला ३,००० मिलिग्रॅम असेल तर इंडेक्स, म्हणजे एक ग्रॅम गाळ किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, १००. १५० च्या पुढे गेला की गाळ फुगतोय, बसत नाही आणि निघताना पाण्याबरोबर वाहून जाणार. आपल्याकडे उलटा रोगही खूप. २० एमएलडीचा प्लांट बांधतात आणि घरांची कनेक्शनं न झाल्यामुळे येतं सहा. जिवाणू उपाशी, ब्लोअर मात्र पूर्ण चालू, वीज फुकट. कनेक्शन जोडण्याचं काम कंटाळवाणं असतं, घरोघरी जाऊन अंगणातली फरशी फोडायची असते, म्हणून ते टेंडरमध्ये शेवटी आणि अर्धवट राहतं. प्लांट नीट चालला तर पाणी विकताही येतं. नागपूरच्या भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं.

कागदाचंही सांगतो, कारण कॉलेजात कुणी सांगत नाही. ठेकेदाराच्या बिलासाठी एमबीत (मोजमाप वहीत) माप तिच्या सहीने चढतं. पाईप साइटवर आल्यावर एक हिस्सा, टाकल्यावर एक, टेस्टिंगनंतर उरलेला. गडबड शेवटच्यात. ‘मॅडम, पाणीच नाही टेस्टिंगला, सही करा, नंतर करू.’ नंतर रस्ता डांबरी होतो. खोदाई बुजवण्याआधीचं माप आणि टेस्टिंगची प्रेशर-वेळ तिने जागेवरच लिहावी. त्या सहीचा हिशोब चौकशीत द्यावा लागला तर तिलाच द्यावा लागेल, साहेब तेव्हा बदलून गेलेले असतात.

मुलगी म्हणून काय, हेही तू विचारलंयस. रात्रीचा शटडाऊन, पंपहाऊसवर टॉयलेट नसणं, गल्लीत नगरसेवकाचे कार्यकर्ते, या अडचणी खऱ्या आहेत. शटडाऊनला गाडी आणि सोबत दोन माणसं मागून घ्यायची, संकोच नको. पुढे एम.टेक. करायचंच असेल तर पर्यावरण अभियांत्रिकीत, पण दोन वर्षं फील्डवर काढून मग. आधी केलं तर गाळ बसवणाऱ्या क्लॅरिफ्लोक्युलेटरची सूत्रं पाठ असतात आणि पावसाळ्यातला पहिला गढूळ लोंढा आला की तुरटी किती वाढवायची ते ऑपरेटरला विचारावं लागतं.

त्यासाठी जून-जुलैमध्ये तिला तुमच्याच गावच्या फिल्टर हाऊसवर पाठव. सहा बीकरची जार टेस्ट असते. प्रत्येकात तुरटीचा डोस वेगळा, एक मिनिट जोरात ढवळणं, पंधरा-वीस मिनिटं हळू, मग बसू द्यायचं. कुठल्या बीकरमध्ये कापसासारखे पुंजके लवकर बसतात ते बघायचं. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज दिला की परवानगी मिळते.

वहिनींना नमस्कार, सायलीला आशीर्वाद.

तुझा,
विनायक

ता. क. – क्लोरीनच्या खोलीत जायची वेळ आली तर आधी वाऱ्याची दिशा पाहायला सांग. तो वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. गळतीचा वास आला तर वाऱ्याला आडवं आणि उंचावर जायचं, उताराने खाली पळायचं नाही. आणि गळक्या सिलिंडरवर पाणी मारायचं नाही, त्याने भोक मोठं होतं.