मामांचा हेडफोन वाचवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. लगेच विचारता, "ते राहू दे, डावी बाजू कशी आहे?" म्हणून हे जाहीर पत्र. डावी बाजू उत्तम आहे. उजवीसारखीच.

मामांचा यामाहा एचपी-१ माझ्याकडे आला तेव्हा त्याची डावी बाजू पार पोकळ वाजत होती. तबल्याचा डग्गा उजव्या कानात भरदार आणि डाव्या कानात नुसती टकटक. ड्रायव्हर, म्हणजे पडदा थरथरवून आवाज काढणारा आतला भाग, गेला असं मी ठरवूनच टाकलं होतं. 1976 सालचं मॉडेल, इटालियन डिझायनर मारिओ बेलिनींनी रेखलेलं. त्याचा ड्रायव्हर आता कुठून आणायचा? दुसऱ्या कुठल्यातरी हेडफोनचे ड्रायव्हर त्यात बसवायचे, म्हणजे निदान मामांच्या वस्तूचा सांगाडा तरी राहील, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. स्क्रू-ड्रायव्हर हातात होता. तेवढ्यात कुणीतरी तुमचा नंबर दिला.

तुम्ही दोनच गोष्टी करायला सांगितल्या. आधी मल्टिमीटर लाव. दोन्ही बाजू दीडशे ओहमच्या आसपास आल्या, म्हणजे पडद्यावरची तार शाबूत. मग म्हणालात, "आता डोक्यावर घाल, गाणं लाव आणि डावा पॅड तळहाताने कानाशी घट्ट दाबून धर." मी दाबला आणि डग्गा आला! हात सैल केला की गेला, दाबला की परत आला. चार-पाच वेळा करून पाहिलं. तो क्षण मी विसरणार नाही.

मग तुम्ही कारण समजावलंत. या जातीच्या ड्रायव्हरमध्ये पातळ फिल्मच्या पडद्यावरच तारेचं वेटोळं छापलेलं असतं आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेली चुंबकं असतात. पॅड आणि गाल यांच्यात फट राहिली की पडद्याने ढकललेली हवा तिथून निसटते, आणि सगळ्यात आधी खालचे सूर जातात. माझ्या डाव्या पॅडचं रेक्झिन कडक होऊन तडकलं होतं. ड्रायव्हरला काहीही झालेलं नव्हतं. तुम्ही विचारलं नसतंत तर एक धडधाकट ड्रायव्हर मी स्वतःच्या हाताने काढून टाकला असता.

कप उघडला तो दिवसही तुमच्यामुळेच निभावला. आतल्या फोमचा चिकट, काळपट चिखल झाला होता. जुना पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने असाच विरघळत जातो, हे तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं. आणि नेमकं काय करायचं नाही तेही: फुंकायचं नाही, पडद्याच्या आसपास स्पिरिट न्यायचं नाही, स्टीलचा चिमटा वापरायचा नाही. शेवटची सूचना मला जरा जादा वाटली होती. पण पहिला स्क्रू सैल झाला आणि टुणकन उडून चुंबकाला जाऊन चिकटला, तेव्हा चिमट्याचं टोक असंच ओढलं जाऊन पडद्यात घुसलं असतं हे लक्षात आलं. मग प्लास्टिकचा चिमटा, मऊ ब्रश आणि ड्रायव्हरचं तोंड सतत खाली. दोन संध्याकाळी गेल्या. एक कणही भोकांतून आत गेला नाही.

फेल्टच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या मागे लावतात त्या दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या बाबतीत मात्र तुम्ही माझ्यावर रागावलात, आणि तो राग योग्य होता. आवाज जमायला लागला तसा मला हुरूप चढला आणि मी नवे पॅड, मागचं जाड फेल्ट, नवी केबल असं सगळं एकाच दिवशी बदललं. बास, म्हणजे खालचे सूर, आखडला आणि तो कशामुळे आखडला हे सांगता येईना. "सगळं मूळ जागी आण," एवढंच म्हणालात. त्यानंतर एका वेळी एकच बदल, दोन दिवस ऐकणं, वहीत नोंद, मग पुढचा. मागचं डॅम्पिंग, म्हणजे फेल्टने हवेला होणारा अटकाव, कमी पडलं तर खालचे सूर फुगतात, जास्त झालं तर गळा आवळल्यासारखा आवाज येतो. शेवटी जमलं ते मूळच्याच फेल्टवर, वर जखमेला लावायच्या कागदी चिकटपट्टीचा एक थर देऊन. उद्या कुणाला नको वाटला तर तो सोलून काढता येईल. गोंद लावायचा नाही, कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, हा तुमचा नियम मला आता सगळ्यात मोलाचा वाटतो. जुन्या वस्तूंवर कात्री चालवून "सुधारणा" करणाऱ्यांचं काम मला हल्ली बघवत नाही.

आणखी एक आभार राहिलेत. मला जुना इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे चुंबकाऐवजी उच्च व्होल्टेजने पडदा हलवणारा, हेडफोन मिळत होता आणि त्याची वीजपेटी उघडून बघायची होती. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. स्टॅक्स कंपनीच्या जुन्या अशा हेडफोनना 230 व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम ठेवायचा विद्युतदाब, लागतो, नंतरच्या प्रो मॉडेलना 580, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. "आधी सोल्डरिंग नीट शीक," म्हणालात. शिकतोय. आता एचपी-१च्या प्लगजवळ तुटलेली वायर जोडताना इन्सुलेशन वितळलं नाही. सांधा चकचकीत आहे. फोटो पाठवतो.

परवा मामींना हेडफोन घालायला दिला. त्यांनी गाणं संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं, मग पॅडवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हे बदललंस, नाही? बाकी तसाच आहे."

तुम्ही पाठवलेल्या फेल्टच्या चार चकत्या न वापरता उरल्यात. कार्डबोर्डमध्ये घालून परत पाठवतोय, पुढच्या कुणाला लागतील. डोक्यावरच्या पट्ट्याची शिवण एका टोकाला उसवलीय, तिला अजून हात लावलेला नाही. रविवारी फोन करतो.

तुमचा,
कृतज्ञ भाचा