रविवारची बैठक: माइल्स डेव्हिसचं पंचक

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. या वेळी ऐकायचं आहे अमेरिकी जॅझ वादक माइल्स डेव्हिसचं १९५५ साली जमलेलं पंचक, म्हणजे पाच वादकांचा चमू. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोवर रेड गार्लंड, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर फिली जो जोन्स.

माइल्सला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे जायचं होतं, पण आधीच्या प्रेस्टिज कंपनीचा करार फेडायचा राहिला होता. मग काय, १९५६ मध्ये ११ मे आणि २६ ऑक्टोबर या दोनच दिवसांत पठ्ठ्यांनी चार अल्बमांचा ऐवज वाजवून टाकला! तोही न्यू जर्सीत, हॅकेनसॅकला, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात. त्या चारांतला ‘कुकिन’ १९५७ साली निघाला, ‘स्टीमिन’ मात्र थेट १९६१ साली. तोवर कोल्ट्रेन स्वतःचा चमू घेऊन उभाही राहिला होता.

आपण त्यांतलाच ‘रिलॅक्सिन’ पूर्ण ऐकू. माझ्या मते चौघांत सरस तोच. पहिल्याच तुकड्याआधी माइल्सचा घोगरा आवाज येतो: आधी वाजवतो, काय ते नंतर सांगतो, अशा अर्थाचं. मग चुटक्या, आणि गार्लंडचा पियानो शाळेच्या घंटेसारखा वाजतो. तेवढ्यासाठी तरी वेळेवर या. मागच्या खेपेला निम्मे जण पहिली बाजू संपल्यावर उगवले होते.

कोणाकडे याच पंचकाच्या ‘राउंड अबाउट मिडनाइट’ या कोलंबियाच्या अल्बमची तबकडी असेल तर जरूर आणा. चहा आहेच. येणार असाल तर शनिवारपर्यंत कळवा, खुर्च्या मोजक्याच आहेत.