वसईच्या ताई, लिव्हरपूलच्या त्या सकाळसाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पुण्याला सुखरूप पोचलो हे फोनवर कळवलंच. पण लिव्हरपूलच्या मेट्रोपॉलिटन कॅथेड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये, तुम्ही आम्हाला जे दाखवलंत, त्याबद्दल फोनवर धड बोलता आलं नाही. रात्रपाळी संपवून थेट आमच्यासाठी आलात, आईच्या गुडघ्यांचा विचार करून समोरच्या भल्यामोठ्या पायऱ्या टाळायची वाट आधीच विचारून ठेवलीत. हे मनापासून लक्षात आहे.

मी आर्किटेक्चर शिकवते. कुठलीही वास्तू आधी बाहेरून फिरून बघायची, ही माझी सवय. तुम्ही मात्र आम्हाला सरळ आत नेऊन बसवलंत आणि म्हणालात, "आता काही बोलायचं नाही, उजेड बघा." वर मनोऱ्यात जॉन पायपर आणि पॅट्रिक रेन्टिन्स या कलावंतांच्या रंगीत काचा. पिवळा, निळा, लाल, पवित्र त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) तीन रंग. इंचभर जाड काचेचे तुकडे इपॉक्सी रेझिननं जोडलेले. ढग सरला आणि आईच्या पांढऱ्या पदरावर निळा डाग उतरला. ती हातानं चाचपून बघत होती!

मग तुम्ही वेदी दाखवलीत, बरोबर मध्यभागी, भोवती गोलाकार बाकं. आजीच्या काळी वसईत फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायचे, हे तुमच्याकडून ऐकल्यावर त्या गोलाचा अर्थ मला लागला. या कॅथेड्रलचा वास्तुविशारद फ्रेडरिक गिबर्डनं 1960 साली आराखड्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा लोकांना मिस्सेत जास्त सहभागी करून घ्यायला सांगणारी दुसरी व्हॅटिकन परिषद अजून भरायची होती. सगळ्यांना वेदीजवळ बसता यावं ही अट तरीही आधीच घातलेली होती. काँक्रीटच्या 16 वाकड्या खांबांनी तो मनोरा तोललाय. त्यामुळे मध्ये एकही खांब नाही आणि कुणाचीच नजर अडत नाही. रचनेचं इतकं प्रामाणिक उत्तर मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

तळघराबद्दल तर किती आभार मानू! नवी दिल्ली उभारणारे वास्तुविशारद ल्युटेन्स इथेही भेटतील असं वाटलं नव्हतं. याच जागेवरच्या आधीच्या कॅथेड्रलसाठी रोमच्या सेंट पीटर्स चर्चपेक्षा मोठा घुमट त्यांनी कागदावर काढला होता. 1933 साली काम सुरू झालं, युद्धात थांबलं आणि शेवटी बांधून झालं ते एवढं तळघरच. विटांच्या त्या जाड कमानींखालून वर 1967 साली पूर्ण झालेल्या गिबर्डच्या वास्तूच्या उजेडात येताना दोन्ही माणसांचं मोठेपण कळतं. तुम्ही आधी वर आणि मग खाली नेलंत, पुन्हा वर आणलंत. तो क्रम मी आता वर्गात जसाच्या तसा वापरणार आहे.

नाताळात वसईला याल तेव्हा पुण्याला यायचंच. आईनं पुरणपोळीचा बेत आत्ताच ठरवून टाकलाय, आणि विद्यार्थ्यांनाही तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
पुण्याची धाकटी बहीण