आधी एका ओळीवर मारून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या तुमच्या पेपरात मी रोज वाचतो, रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, आणि मध्येच कुठेतरी एका ओळीत अ‍ॅपचा, ऑनलाइन पासचा, नवीन पोर्टलचा उल्लेख असतो. मी गेली अकरा वर्षं वेबसाइट बनवायचं काम करतो, त्यामुळे रस्त्यापुलांपेक्षा मला त्या एका ओळीचीच जास्त काळजी वाटते, आणि का वाटते ते सांगायला हे पत्र लिहितोय.

माझे मामा निफाड तालुक्यात असतात, द्राक्षाची बाग आहे. त्यांचं एका पतसंस्थेत कर्ज आहे (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) आणि तिच्या वेबसाइटवरून ते दोन-तीन वर्षं बिनतक्रार हप्ते भरत होते. मार्चअखेर तोंडावर आलेला, बागेत काढणी चालू, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी, आणि एका सकाळी वेबसाइट पूर्ण नवीन झालेली. दिसायला छान होती, पण मामांनी रक्कम टाकली की लाल अक्षरात 'रक्कम चुकीची आहे' एवढंच यायचं. चार वेळा टाकली, पाचव्यांदा मला फोन. मी फोनवरून बराच वेळ डोकं लावलं तेव्हा कळलं की मामांच्या मोबाईलचा कीबोर्ड मराठी आहे, ते आकडे १२३ असे मराठीत टाकतात, जुनं पान ते निमूटपणे घ्यायचं आणि नवीन पान फक्त इंग्रजी आकडे घेत होतं. बनवणाऱ्यांनी ऑफिसात बसून टेस्टिंग केलं असणार, पण तिथे सगळ्यांचे कीबोर्ड इंग्रजी. मामांना मी कीबोर्ड बदलून दिला, पण त्यांच्यासारखे किती जण असतील, ते काढणी सोडून बारा-पंधरा किलोमीटर गाडी मारून शाखेत जाऊन रांगेत उभे राहिले, आणि पान दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले.

संध्याकाळी मी मामांना समजावत होतो की असं होतं, सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतातच. त्यावर ते म्हणाले, "चूक राहू दे रे, पण तुम्ही लोकं एकदम सगळ्या बागेवर मारता का? आम्ही नवीन औषध आणलं तर आधी एका ओळीवर मारतो, दोन-चार दिवस पान जळतंय का, मणी खराब होतोय का बघतो, मग बाकीच्या बागेचं ठरवतो."

संपादक साहेब, मामा जे म्हणाले ते आमच्या धंद्यात रोज वापरलं जातं, त्याला फीचर फ्लॅग म्हणतात. म्हणजे कोडमध्येच एक बटण ठेवायचं. नवीन पान सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथून चालते त्या कॉम्प्युटरवर, जाऊन बसतं पण बटण बंद असतं, त्यामुळे कोणालाच दिसत नाही, जुनंच पान चालू राहतं. मग बटण आधी फक्त ऑफिसातल्या लोकांसाठी चालू करायचं, मग शंभरातल्या एकासाठी, मग पाच, पंचवीस, पन्नास असं वाढवत न्यायचं. गडबड झाली तर बटण बंद, लगेच सगळ्यांना पुन्हा जुनं पान, त्यासाठी रात्री इंजिनिअरला उठवून कोड परत चढवायला लागत नाही. कोड चढवणं आणि लोकांसाठी फीचर उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो तो या दोन्ही एकाच रात्री एकाच दमात केल्यामुळे.

शंभरातला एक कसा निवडायचा तर प्रत्येक खात्याच्या नंबरवर एक ठराविक गणित करून ० ते ९९ मधला आकडा काढतात, तो त्या खात्यासाठी कायम तोच राहतो. एक टक्का म्हणजे ज्यांचा आकडा ० आला ते, पाच टक्के म्हणजे ० ते ४ वाले. त्यामुळे ज्याला आज नवीन पान दिसलं त्याला उद्या पण नवीनच दिसतं, एकदा हे एकदा ते असं होत नाही, आणि टक्का वाढवला तरी आधीचे लोक आतच राहतात. आमच्या कंपनीत मागे बिलाचं नवीन पान असंच उघडलं, साधारण एक लाख ग्राहकांपैकी हजार जणांना. दहा-पंधरा मिनिटांतच एरर वाढलेले दिसले, बटण बंद केलं. बाकीच्या नव्व्याण्णव हजार लोकांना काही झालं होतं हे कळलंसुद्धा नाही, आणि त्या हजार जणांचे बिल आम्ही दुपारपर्यंत नीट करून दिले.

नाशिककरांना तर हे टप्प्याटप्प्याने सोडणं नवीन सांगायला नको. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग सुरू होतो तो आधी थोडा, मग वाढवत वाढवत, खाली होळकर पुलाशी पाणी किती, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं हे बघत, आणि तोपर्यंत सराफ बाजार-भांडी बाजारवाले माल वर हलवतात. यात नुसतं हळू सोडण्याला अर्थ नाही, दोन टप्प्यांच्या मध्ये खाली कोणीतरी बघत असतं त्याला अर्थ आहे. वेबसाइटचं पण तेच, एक टक्क्याला उघडून आकड्यांकडे कोणी बघणारच नसेल, हेल्पलाइनला काय फोन येतायत ते विचारणारच नसेल, तर एक टक्का काय आणि शंभर टक्के काय.

मोठमोठ्या कंपन्यांना पण हे महागात पडलंय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या, कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं सॉफ्टवेअर देणाऱ्या अमेरिकन कंपनीने एक छोटी अपडेट फाइल जगभर एकदमच पाठवली, ७८ मिनिटांत ती मागे घेतली तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख कॉम्प्युटर बसले, विमानं अडकली, आपल्याकडे पण काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायला लागले. त्यानंतर कंपनीने जाहीर केलं की आता अशा फाइली टप्प्याटप्प्यानेच पाठवणार. आणि १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड (ज्यावर इतर कंपन्या आपल्या वेबसाइट आणि अ‍ॅप चालवतात ती गूगलची सेवा) जगभर कोलमडलं तेव्हा गूगलने स्वतःच्याच अहवालात लिहिलं की त्या नव्या कोडला फ्लॅग लावलेला नव्हता, लावला असता तर चूक आधीच सापडली असती. त्यात एक बारकी गोष्ट आहे ती आपल्याकडच्या ठेकेदारांनी मुद्दाम वाचावी. तो कोड मे महिन्याच्या शेवटी एकेका विभागात हळूहळूच चढवला होता, पण ज्या प्रकारच्या माहितीने तो चालू होतो तशी माहितीच तेव्हा आली नव्हती, ती आली १२ जूनला, काही रकाने रिकामे असलेली, आणि काही सेकंदात जगभर पसरली. म्हणजे कोड हळू गेला पण फीचर एकदमच उघडलं.

आता कोणी म्हणेल की सगळीकडे बटणंच बटणं लावून टाका, तर तसंही नको. २०१२ च्या १ ऑगस्टला नाइट कॅपिटल नावाच्या शेअर दलाल कंपनीने नवीन कामासाठी एक जुनाच फ्लॅग परत वापरला, आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड चढवायचा राहिला, तिथे त्या फ्लॅगने कित्येक वर्षं बंद पडलेला जुना कोड जागा केला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. म्हणून प्रत्येक फ्लॅगला मालक पाहिजे, काढून टाकायची तारीख पाहिजे, आणि सगळ्यांना उघडून झालं की जुना कोड आणि बटण दोन्ही काढायचं. नुसती दहा बटणं असली तरी चालू-बंदचे १०२४ प्रकार होतात, ते कोणी तपासत बसत नाही. आणि एक, नवीन पानाने माहिती नव्या पद्धतीने साठवायला सुरुवात केली असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, जुन्या पानाला ती वाचता आली पाहिजे, नाहीतर मागे फिरायचा रस्ताच नसतो. हे ठरवून करायला लागतं, आयत्या वेळी होत नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आधी कोणाला उघडायचं यावर. कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, कॉलेज रोडवर नवीन फोन घेऊन फिरणारी मुलं, यांच्यावर एक टक्का पूर्ण केला तर सगळं हिरवंच दिसणार. सुरगाणा-पेठमधला रेंज येत-जात असलेला माणूस त्यात पाहिजे, चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजी पाहिजेत, मराठी कीबोर्डवाले मामा पाहिजेत. ज्यांना निवडलं त्यांना सांगायला पाहिजे की हे नवीन आहे, अडलं तर इथे दाबा म्हणजे जुनं पान येईल, आणि हा फोन नंबर. न सांगता लोकांवर प्रयोग करणं मला पटत नाही, आणि पैशाच्या बाबतीत, म्हणजे कोणाला फी जास्त दाखवायची कोणाला कमी असले प्रयोग तर सरकारी किंवा सहकारी वेबसाइटवर अजिबात करू नयेत.

आपल्या देशात टप्प्याने उघडणं झालेलं नाही असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या पेमेंटला २०१८ मध्ये दहा लाख लोकांपुरती चाचणी होती, नोव्हेंबर २०२० मध्ये दोन कोटींची मर्यादा घालून परवानगी मिळाली, मग चार कोटी, मग एप्रिल २०२२ मध्ये दहा कोटी, आणि २०२४ च्या ३१ डिसेंबरला मर्यादा काढली. तिथे एकाच कंपनीच्या हातात सगळं जाऊ नये हा पण विचार होता हे मान्य, पण मर्यादा पायरीपायरीने उठवली. रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपया पण १ डिसेंबर २०२२ ला चारच शहरांत, ठराविक लोकांना देऊन सुरू केला. मग आपल्याला पोर्टल एका रात्रीत सगळ्यांना उघडायची घाई कसली?

२ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान आहे. त्या दिवशी गोदाकाठी इतके मोबाईल असतील की साधा फोन लागायची मारामार, आणि त्या सकाळी कुठलंही पान, कुठलंही बटण पहिल्यांदा लोकांसमोर येता कामा नये. तोपर्यंत माणसं जमतातच आपल्याकडे. पौषातली त्र्यंबकेश्वरची निवृत्तीनाथांची यात्रा आहे, तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी फेरी आहे, चैत्रात वणीच्या गडावरची यात्रा आहे. पार्किंगचा पास आधी एका पार्किंगपुरता उघडा, हरवलेल्या माणसांची नोंद आधी एका पोलिस चौकीपुरती उघडा, कागदाची वही तशीच बाजूला ठेवा, बघा, दुरुस्त करा, मग पुढचा टप्पा.

प्रशासनाला माझी विनंती आहे की वेबसाइट आणि अ‍ॅपच्या टेंडरमध्येच हे लिहून घ्यावं. प्रत्येक नवीन फीचर वेगळं बंद करता आलं पाहिजे, एका मिनिटात, आणि ते बटण कोणाच्या हातात आहे त्याचं नाव आणि पद कागदावर पाहिजे, पुण्या-बंगळुरूच्या कंपनीतल्या माणसाचं नाही तर त्या दिवशी नाशिकच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाचं. ते बटण स्नानाच्या आधी दोन-तीनदा खरोखर दाबून बघितलेलं पाहिजे. आणि पहिल्या शंभर लोकांच्या यादीत निफाडच्या एका बागायतदाराला जागा असेल तर मामांना मी विचारून ठेवलंय, ते तयार आहेत.

आपला,
एक वाचक, वेब डेव्हलपर
इंदिरानगर, नाशिक