पावसाच्या कविता आधी ऐकवा, मग दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत पावसाळी कवितांवर एक लेख आला होता, त्यात लेखकाचं म्हणणं असं की मराठी कवी ढग दिसले रे दिसले की बालपणात शिरतात, त्याच कागदी होड्या, तोच मातीचा वास, आता पुरे करा. होड्यांच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूने आहे, खरंच पुरे. पण पाऊस ऐकला की लहानपण वर येतं हे काही कवींनी ठरवून केलेलं नाटक नाही, आणि त्यात मोठं काम डोळ्याचं नसून कानाचं असतं हे त्या अख्ख्या लेखात कुठंच नव्हतं म्हणून हे पत्र लिहितेय.

रवींद्रनाथ टागोरांचंच बघा. ‘जीवनस्मृती’त त्यांनी सांगितलंय की अक्षरं जुळवायला नुकतं शिकत असताना एक दिवस त्यांनी ‘जल पडे, पाता नडे’ एवढंच वाचलं, म्हणजे पाणी पडतंय आणि पान हलतंय, बस, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली कविता ठरली. कारण काय देतात तर यमक. सांगायचं ते संपतं पण नाद संपत नाही, तो कानाशी आणि मनाशी खेळत राहतो. त्याच्या लगेच पुढे ते ‘वृष्टी पडे टापुर टुपुर’ या बंगाली बडबडगीताची आठवण काढतात आणि त्याला चक्क बालपणीचं मेघदूत म्हणतात! कालिदासाच्या शेजारी बडबडगीत नेऊन बसवायचं म्हणजे गंमत नाही, पण त्यांनी ते बसवलं, आणि मला तरी ते पटतं, कारण मेघदूत समजायला वय लागतं, टापुर टुपुर समजायला काहीच लागत नाही.

आणि आता आपल्याकडे या. ग्रेस यांच्या ‘पाऊस कधीचा पडतो’ या कवितेची दुसरीच ओळ ‘झाडांची हलती पाने’ अशी आहे. पाणी पडतंय, पान हलतंय! एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, पण बंगालमधल्या मुलाच्या पहिल्या पुस्तकातलं वाक्य आणि नागपूरच्या कवीची इतकी दुखरी कविता एकाच जागेवरून सुरू होतात हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाक सोडून पुस्तकांच्या कपाटाकडे गेले होते (भाजी लागली, असो). त्या कवितेतही माणसाला जाग येते ती सुराने, काही बघून नव्हे.

‘ये रे ये रे पावसा’बद्दल तर लोक बोलतच नाहीत, इतकं ते तोंडात बसलंय. पण नीट ऐका, त्यात पोरगं पावसाला पैशाची लालूच दाखवतंय, पैसा निघतो खोटा आणि पाऊस तरीही येतो, तोही मोठा. मग सरीला मडकं भरायला बोलावलं तर ती धावत येऊन मडकंच घेऊन जाते. म्हणजे हवाहवासा पाऊस दोन ओळींत हाताबाहेर. त्या बंगाली गाण्यातही टापुर टुपुरच्या पाठोपाठ लगेच पूर येतो. मुलांच्या गाण्यांना पावसाची भीती माहीत होती, मोठ्यांनी नंतर त्याचं भजी आणि चहा करून टाकलं.

माझ्या सासूबाई नदीकाठच्या पेठेत राहायच्या. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा त्या तिथेच होत्या. त्यांना रात्रीचा एकसारखा पाऊस कधी आवडला नाही, आवाज वाढला की उठून बसायच्या आणि सगळ्यांची अंथरुणं मोजायच्या. त्यांच्यासमोर कोणी पावसाची गोड कविता म्हटली तर ऐकून घ्यायच्या, पण ‘नको नको रे पावसा’ ही इंदिरा संतांची मात्र पाठ होती. आठवण म्हणजे नेहमी गोडच असते असं नाही ना.

आमचं माहेर सदाशिव पेठेत, वाडा. पुण्याचा पाऊस मुळात घाट ओलांडून दमून आलेला, कोकणातल्या माणसाला तर हा पाऊस वाटतच नाही, त्यामुळे तो ऐकू यायला काहीतरी वाजणारं लागतं, आणि वाड्यात ते भरपूर होतं. न्हाणीवर पत्रा, माडीवर कौलं, चौकात पन्हळीची धार, कडेने पागोळ्या. कौल सरकलं की खाली घंगाळ ठेवायचं. आधी रिकाम्या पितळेवर ठण ठण, मग तळाला पाणी साठलं की आवाज एकदम बदलून टुबुक टुबुक, आणि आम्ही भावंडं अंथरुणात पडून तो नेमका कधी बदलतो यावर पैज लावायचो. पुढे कधीतरी वाचलं की तो टुबुक थेंबाचा नसतोच, थेंब पडल्यावर पाण्यात हवेचा एक बारीकसा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरतो त्याचा असतो. लहानपणी हे कळलं असतं तर मजा कमी झाली नसती, उलट पैजा वाढल्या असत्या.

आता कोथरूडला सातव्या मजल्यावर राहते. वर स्लॅब, खिडक्या स्लायडिंगच्या, पाऊस येतो कधी जातो कधी कळत नाही, मोबाईलवर नोटिफिकेशन आलं की नातू सांगतो आजी पाऊस पडतोय. त्याला पावसाची गाणी सगळी येतात हो, पण ती कार्टूनवाली, मोर निळा, ढग हसरा, खाली धडधड म्युझिक, आणि त्या म्युझिकमध्ये शब्द गुदमरलेले. शाळेत कविता आली की प्रश्नोत्तरं वहीत उतरवायची, मोठ्याने म्हणायला वेळ कुणाला आहे. मग या मुलांच्या कवितेत उद्या पाऊस कुठून वाजणार? म्हणून मी सध्या एक करते, सर आली की टीव्ही बंद, खिडकी उघडी, बाल्कनीत स्टीलची दोन पातेली पालथी आणि एक उताणं, आणि आम्ही दोघं त्या ठेक्यावर येईल ते म्हणतो. सूनबाईंना ओल्या लादीचा त्रास होतो, ते मान्य आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की पावसाळाभर रोज छोटीशी जागा काढा आणि वाचकांकडून त्यांच्या त्यांच्या गावची पावसाची गाणी मागवा, आजीने म्हटलेली, जात्यावरची, भात लावताना म्हणायची, जशी म्हणतात तशीच छापा, शुद्धलेखन न सुधारता. आणि वर लिहा की मोठ्याने वाचावे. जागा नाही म्हणाल तर खडकवासल्याचा विसर्ग आणि पाण्याखालचा भिडे पूल यांचे फोटो दरवर्षी तेच असतात, त्यातला एक दोन कॉलमांनी कमी करा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे